रोहिणी कोठे तुंबली, हे विचारणार कोण?

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एखाद्या माणसाचा हात-पाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा बसली, की घरातली माणसे म्हणतात, 'अंगावरून वारे गेले.' या एका शब्दप्रयोगात पिढ्यान्‌पिढ्यांची असहायता साठलेली आहे. वारे कोठून आले, का आले आणि जाताना नेमके काय मोडून गेले, हे कोणी विचारावयाचे नसते. वाऱ्याला जाब विचारता येत नाही. मग अंगारे-धुपारे, तेलाचे मालीश, कोणी सांगितले म्हणून कबुतराचे रक्त, आणि शेवटी ओसरीवरची बाज. त्या बाजेवर एक कमावता माणूस वर्षानुवर्षे पडून राहतो आणि त्याची सेवा घरातल्या बाईच्या वाट्याला येते. तिच्या बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

वस्तुतः ते वारे नसते. मेंदूला रक्त पुरविणारी एखादी रोहिणी फुटलेली असते किंवा तुंबलेली असते. तुंबली असेल, तर ती कोठे तुंबली, कशाने तुंबली आणि कितपत तुंबली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या माणसाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे. डॉक्टर मंडळी तिला कॅरोटिड म्हणतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील संशोधनाने हे निर्विवाद सिद्ध केले आहे की, कॅरोटिडच्या एका प्रकारच्या अडथळ्यावर जो उपचार संजीवनी ठरतो, तोच दुसऱ्या प्रकारात निरुपयोगी आणि क्वचित घातकही ठरतो. तेव्हा अडथळ्याचा प्रकार ओळखणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. ही पायरी कोणाला उपलब्ध आहे आणि कोणाला नाही, हा मात्र वैद्यकशास्त्राचा प्रश्न राहत नाही. तो समाजरचनेचा प्रश्न होतो.

एका ऐतिहासिक रुग्णाची कथा

समाजवादी चळवळीच्या इतिहासात या रोगाचा एक रुग्ण सर्वांच्या परिचयाचा आहे. मे १९२२ मध्ये लेनिन यांना पहिला झटका आला. उजव्या अंगात अशक्तपणा आला, बोलणे अडखळू लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरा झटका आला. मार्च १९२३ मधील तिसऱ्या झटक्याने त्यांची वाचाच हिरावून घेतली. ज्या माणसाचे शब्द हेच शस्त्र होते, त्याला अखेरचे दहा महिने जवळजवळ निःशब्द काढावे लागले. २१ जानेवारी १९२४ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जर्मनीतून नामांकित वैद्यकतज्ज्ञ बोलावले गेले होते. १९१८ च्या हल्ल्यात शरीरात राहिलेल्या गोळीतील शिशाची विषबाधा होत असावी, अशी शंका पहिल्या झटक्याच्या आधीपासूनच्या तक्रारींवरून घेतली गेली आणि एप्रिल १९२२ मध्ये एक गोळी शस्त्रक्रियेने काढण्यातही आली. तिचा रोगाशी संबंध नव्हता. खरे उत्तर मिळाले ते मृत्यूनंतर, अब्रिकोसॉव यांनी केलेल्या शवविच्छेदनात. मेंदूच्या रोहिण्या चुन्याप्रमाणे कठीण झालेल्या होत्या आणि डाव्या बाजूची आतील कॅरोटिड रोहिणी कवटीच्या आतील भागात पूर्णपणे बंद झालेली होती. उजवे अंग का लुळे पडले आणि वाचा का गेली, याचे कोडे तेथे उलगडले.

त्या वेळी याहून अधिक काही शक्य नव्हते. जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्यांचे क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये शोधून काढली, म्हणजे लेनिन यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मानेतील कॅरोटिडचा रोग आणि पक्षाघात यांचे नाते मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये नेमकेपणाने मांडले. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र टिपले ते ऑक्टोबर १९७१ मध्ये, लंडनमध्ये.

एका प्रचंड राष्ट्राच्या प्रमुखाला १९२२ मध्ये जे उत्तर मिळू शकले नाही, ते आज हाताच्या शिरेतून औषध सोडून काढलेल्या सीटी अँजिओग्राफीने काही मिनिटांत मिळते. परंतु हे 'आज' सर्वांसाठी सारखे उगवलेले नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाजवळ राहणारा, पैसे मोजू शकणारा माणूस एकविसाव्या शतकात जगतो. अहेरी वा अक्कलकुव्याचा शेतमजूर अद्याप १९२२ मध्येच आहे. फरक एवढाच की, त्याचे शवविच्छेदनही होत नाही.

नाव एक, रोग अनेक

मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक मूळ कॅरोटिड असते. जबड्याच्या कोनाजवळ तिला दोन फाटे फुटतात. त्यांतील आतील फाटा कवटीत शिरतो आणि पुढे पुन्हा दुभागून मेंदूच्या मोठ्या भागाला रक्त पुरवितो. मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या रोहिण्यांना जोडणारे एक कडे असते. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले. हे कडे ज्याचे पूर्ण आणि प्रशस्त असते, त्याची एक कॅरोटिड हळूहळू बंद झाली तरी दुसऱ्या बाजूने रक्त येत राहते आणि कधी कधी त्याला काही कळतही नाही. ज्याचे कडे अपुरे असते, त्याला तोच अडथळा कायमचा अंथरुणाला खिळवतो.

या रचनेत अडथळा कोठे आणि कसा निर्माण होतो, यावरून त्याचे प्रकार पडतात.

पहिला प्रकार मानेतील दुभागाजवळच्या अरुंदपणाचा. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि रक्तातील मेद यांमुळे रोहिणीच्या आतील अस्तरावर थर चढतात. त्या थराचा एखादा कण वा त्यावर जमलेली गुठळी सुटून मेंदूकडे वाहत जाते. पुष्कळदा मोठ्या झटक्याआधी निसर्ग सूचना देतो. एका डोळ्यासमोर काही मिनिटे पडदा पडल्यासारखे होते, हातातली भाकरी गळून पडते, शब्द सापडत नाहीत, आणि थोड्या वेळात सारे पूर्ववत होते. अशा सूचना मिळालेल्या रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्यांपैकी केवळ औषधे घेणाऱ्या शंभरांतील २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रियेने थर काढलेल्यांमध्ये हे प्रमाण ९ होते. अरुंदपणा ५० ते ६९ टक्के असेल, तर लाभ पुष्कळ कमी. पाच वर्षांत २२.२ ऐवजी १५.७. आणि ५० टक्क्यांहून कमी असेल, तर शस्त्रक्रियेचा लाभच नाही. शिवाय हा लाभ सूचना मिळाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. तालुक्याच्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन लावून घरी पाठविलेल्या माणसाचे हे दोन आठवडेच वाया जातात.

दुसरा प्रकार रोहिणी पूर्णपणे आणि जुनी बंद होण्याचा. सामान्य बुद्धी सांगते की, वाट बंद असेल तर वळणरस्ता काढावा. कवटीबाहेरील रोहिणी आतील रोहिणीला जोडण्याची शस्त्रक्रिया या तर्कावरच उभी राहिली. १३७७ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीने १९८५ मध्ये दाखवून दिले की, तिने पक्षाघात टळत नाही. अधिक काटेकोर निवड केलेल्या रुग्णांवर अमेरिकेत २०११ मध्ये आणि चीनमध्ये २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतूनही तिची बाजू सिद्ध झाली नाही. म्हणजे ९० टक्के बंद रोहिणीवर चाकू उपयोगी, आणि १०० टक्के बंद रोहिणीवर बहुधा औषधे आणि रक्तदाबावरील नियंत्रण हाच मार्ग. दहा टक्क्यांच्या या फरकात सारी उपचारनीती उलटी होते.

तिसरा प्रकार कवटीच्या आत, आतील कॅरोटिड जेथे दुभागते त्या टोकावर गुठळी अडकण्याचा. येथे दोन्ही शाखांचे तोंड एकदमच बंद होते आणि पलीकडून मदतीला येणारी वाटही बुजते. हा अडथळा सर्वांत क्रूर. शिरेतून दिलेले गुठळी विरघळविणारे औषध १९९५ च्या अमेरिकी चाचणीनंतर जगभर मान्य झाले. परंतु कॅल्गरी येथील २०१० च्या अभ्यासात आढळले की, या औषधाने मधल्या मेंदूरोहिणीतील अडथळा शंभरांत सुमारे ३२ जणांचा लवकर मोकळा होतो, तर कॅरोटिडच्या टोकावरचा अवघ्या ४ जणांचा. अशा रुग्णासाठी जांघेतील वा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढावी लागते. २०१५ मध्ये या उपचाराच्या पाच चाचण्या एकापाठोपाठ यशस्वी झाल्या. त्यांतील १२८७ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण सांगते की, तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत २६.५ वरून ४६ वर गेले. आधुनिक वैद्यकात इतका ठळक लाभ फार थोड्या उपचारांच्या वाट्याला आला आहे. पुढे २०१८ पर्यंत हेही स्पष्ट झाले की, नीट निवड केलेल्या रुग्णांत चोवीस तासांपर्यंत हा उपचार करता येतो.

चौथा प्रकार दुहेरी अडथळ्याचा. मानेतील कॅरोटिड थराने बंद आणि तेथूनच सुटलेली गुठळी वर मेंदूत अडकलेली. येथे नळी आधी मानेतील अडथळ्यातून पार करावी लागते, आणि मानेत लगेच स्टेंट बसवावा की नाही, याचा निर्णय टेबलावरच घ्यावा लागतो. स्टेंट उघडा राहावा म्हणून रक्त पातळ करणारी औषधे द्यावीत, तर नुकत्याच इजा झालेल्या मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय. न द्यावीत, तर स्टेंट पुन्हा बंद होण्याचे भय. असा रुग्ण अनुभवी पथकाच्या हातीच लागावयास हवा.

याखेरीज रोहिणीच्या भिंतीचे अस्तर फाटून होणारा अडथळा आहे. तो तुलनेने तरुण माणसांत आढळतो. तेथे स्टेंटपेक्षा साधी औषधेच बहुतेकांना पुरेशी ठरतात. अस्तराचा पडदा आत डोकावल्याने निर्माण होणारे 'जाळे' आहे. त्यात अरुंदपणा थोडा दिसतो, म्हणून ते नजरेतून सुटते आणि झटका पुन्हा येतो. आणि एक फसवा प्रकारही आहे. टोकावर गुठळी अडकली की खालचे रक्त साचून राहते, आणि चित्रात मानेतील निरोगी रोहिणीच बंद असल्याचा भास होतो. यंत्र असून वाचणारा डोळा नसेल, तर मानेवर नसलेल्या रोगाचा उपचार होतो.

कवटीच्या आतील रोहिण्यांचा अरुंदपणा भारतीय आणि पूर्व आशियाई लोकांत गोऱ्या लोकांच्या मानाने अधिक आढळतो. मानेत स्टेंट चालतो म्हणून तो आतही चालेल, या समजुतीला २०११ च्या अमेरिकी चाचणीने जबर धक्का दिला. पहिल्या तीस दिवसांत पक्षाघात वा मृत्यू ओढवलेल्यांचे प्रमाण औषधांवर ठेवलेल्यांत ५.८ टक्के, तर स्टेंट बसविलेल्यांत १४.७ टक्के. पाश्चात्त्यांच्या मानेसाठी घडविलेला उपाय येथल्या माणसाच्या मेंदूत जसाच्या तसा आयात करण्यात केवढा धोका आहे, याचे हे उदाहरण बोलके आहे.

ज्याला हवे त्याला नाही, ज्याला नको त्याला पुष्कळ

या साऱ्या तपशिलाचे राजकीय तात्पर्य असे की, अडथळ्याच्या प्रकाराचे ज्ञान माणसाला दोन आपत्तींपासून वाचविते. एक उपचाराअभावी येणारी, दुसरी अनावश्यक उपचाराने येणारी. भारताच्या आजच्या आरोग्यव्यवस्थेत या दोन्ही आपत्ती एकाच वेळी नांदत आहेत.

शहरांत संपूर्ण शरीर तपासणीची आकर्षक योजना विकली जाते. तीत मानेच्या रोहिणीची सोनोग्राफी घुसडलेली असते. कोणतेही लक्षण नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची अशी तपासणी करू नये, असा स्पष्ट सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवाविषयक तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये पुन्हा एकवार दिला. कारण तिच्यातून मिळणाऱ्या लाभापेक्षा अनावश्यक शस्त्रक्रियांचे नुकसान अधिक. परंतु जेथे रोग हा ग्राहक मिळविण्याचे साधन आहे, तेथे चाळीस टक्के अरुंदपणाचा कागद हातात ठेवून माणसाला भेदरविणे कठीण नसते. एकीकडे लक्षण नसलेल्याची मान तपासली जाते, दुसरीकडे अर्धे अंग लुळे पडलेल्याची मान कोणी तपासत नाही. नफ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या व्यवस्थेची ही चूक नव्हे. हाच तिचा नियम आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील एका अभ्यासाने या नियमाची दुसरी बाजू उघड केली. 'सर्च' या संस्थेने ८६ खेड्यांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे होते, म्हणजे १४.३ टक्के. मृत्यूच्या सर्व कारणांत पक्षाघाताचा क्रमांक पहिला लागला. ज्याला सुखवस्तूंचा रोग म्हणून बाजूला सारले जात होते, तो आदिवासी आणि शेतकरी खेड्यांतला पहिल्या क्रमांकाचा मारेकरी निघाला. त्याहून अंगावर काटा आणणारा आकडा पुढे आहे. पक्षाघाताने मेलेल्यांपैकी ८७.३ टक्के माणसे घरीच मेली. त्यांची रोहिणी फुटली होती की तुंबली होती, मानेत तुंबली होती की मेंदूत, हे कोणालाही ठाऊक नाही आणि कधीच कळणार नाही.

जेफ्री सेव्हर या अमेरिकी तज्ज्ञाने २००६ मध्ये हिशेब मांडला की, मोठी रोहिणी तुंबलेल्या माणसाच्या मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात. एस. टी.ची वाट पाहण्यात, जीप भाड्याने घेण्यासाठी पैसे उसने आणण्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठविले जाण्यात जी मिनिटे जातात, ती या भावाने मोजली पाहिजेत.

प्रतिबंध की उपचार?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो चळवळीतल्या माणसांकडूनच घेतला जाईल. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या नियमित मिळत नाहीत, तेथे मेंदूत नळ्या घालण्याची चैन कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. पक्षाघात टाळण्याचा सर्वांत स्वस्त आणि न्याय्य मार्ग रक्तदाब मोजणे, गोळी देणे आणि तंबाखू-मिश्री-विडीपासून माणसाला सोडविणे हाच आहे. कॅरोटिडच्या टोकावर अडकणारी गुठळी पुष्कळदा हृदयातून येते, आणि भारतात त्यामागे कधी कधी संधिवाताच्या तापाने बिघडलेली हृदयाची झडप असते. दाटीवाटीच्या घरांत घशाच्या संसर्गातून जडणारा हा गरिबीचा रोग आहे. पेनिसिलीनच्या स्वस्त इंजेक्शनाने तो रोखता येतो. झडप बिघडून हृदयाची लय चुकली असेल, तर कोणती औषधे द्यावीत, हेही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने ठरवून दिले. तिच्यात भारतातील रुग्णही होते. नवी महाग गोळी नव्हे, तर जुनी स्वस्त औषधेच तेथे सरस ठरली. मात्र त्यांसाठी रक्ताची नियमित तपासणी लागते, आणि ती गावाजवळ व्हावयास हवी.

परंतु प्रतिबंधाचा आग्रह धरणे म्हणजे झटका आलेल्याला मरू देणे नव्हे. प्रतिबंध आणि उपचार यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे ही अंदाजपत्रक तोकडे ठेवणाऱ्यांची सोय आहे. २०१९ मध्ये भारतात पक्षाघाताने सुमारे सात लाख माणसे मेली. जी वाचली, त्यांतील असंख्य अपंग झाली. शेतमजूर कुटुंबातील एक अपंगत्व म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडणे, मुलीची शाळा सुटणे, जमिनीचा तुकडा सावकाराकडे जाणे. वेळेवरचे निदान ही चैन असेल, तर ही कर्जे काय आहेत?

शिवाय साधनसामग्री तुटपुंजी असेल, तेव्हा तर अडथळ्याचा प्रकार ओळखणे अधिकच निकडीचे ठरते. कोणाला इंजेक्शन पुरेल, कोणाला तातडीने मोठ्या केंद्रात हलवावे, कोणाला केवळ गोळ्यांवर ठेवावे आणि कोणाला शस्त्रक्रियेच्या कर्जात ढकलू नये, हे त्यावरूनच ठरते.

मागणी नेमकी हवी

'रुग्णालय द्या', 'यंत्र द्या' अशा घोषणा पुष्कळ झाल्या. यंत्रे आलीही. त्यांतील काही तंत्रज्ञाअभावी दुपारनंतर कुलपात असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, असे कार्ड सांगते. परंतु ही योजना उपचारांच्या ठरावीक पॅकेजांवर उभी आहे. पॅकेज सुरू होण्याआधीच पहिले तास निघून जाऊ शकतात, आणि या रोगात पुष्कळसा निकाल त्या पहिल्या तासांतच लागतो. केंद्र सरकारच्या २०१० च्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाच्या नावात पक्षाघात हा शब्द होता. २०२३ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलले आणि तो शब्द नावातून गेला. नाव गेले तरी काम राहिले पाहिजे, हे पाहणे लोकांच्या संघटनांचे कर्तव्य आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन रात्रंदिवस चालू असले पाहिजे, आणि त्यावर केवळ मेंदूचे नव्हे, तर मानेपासून डोक्यापर्यंतच्या रोहिण्यांचे चित्र काढले गेले पाहिजे. ते चित्र दूरच्या तज्ज्ञाने ताबडतोब वाचावे. हे स्वप्नरंजन नव्हे. हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून सरकारी रुग्णालयांत गुठळी विरघळविणारे इंजेक्शन विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. जिल्ह्यातील साधे डॉक्टर भ्रमणध्वनीवरून सिमल्याच्या मेंदूतज्ज्ञांना सीटीची चित्रे पाठवीत आणि त्यांच्या सल्ल्याने इंजेक्शन देत. डोंगराळ राज्याला जे जमले, ते महाराष्ट्राला जमू नये? टेनेक्टेप्लेज हे एका झटक्यात टोचता येणारे औषध तर पुण्यातच तयार होते. पुण्याहून ते परदेशी जाऊ शकते, तर धडगावच्या रुग्णापर्यंत का पोचू नये?

कॅटलोनियात शहराबाहेरील रुग्णांवर झालेली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी या संदर्भात मोलाची आहे. मोठी रोहिणी तुंबल्याची शंका असलेल्या रुग्णाला जवळच्या सुसज्ज स्थानिक केंद्रात आधी नेले काय किंवा थेट दूरच्या मोठ्या केंद्रात नेले काय, अंतिम परिणामांत फरक पडला नाही. अर्थ स्पष्ट आहे. जवळचे केंद्र खरोखर सुसज्ज असेल आणि तेथून पुढे नेण्याची व्यवस्था चोख असेल, तर सारे काही महानगरात एकवटण्याचे कारण नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. तिने पक्षाघाताचा रुग्ण जवळच्या कोणत्याही इमारतीत नव्हे, तर जेथे सीटी चालू आहे तेथे न्यावा, आणि निघतानाच तेथे वर्दी द्यावी. गुठळी ओढून काढण्याची सोय विभागातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत झाली पाहिजे. या उपचाराच्या उपकरणांची किंमतच लाखांत जाते. हृदयातील स्टेंटच्या किमतीवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली. मेंदूसाठीच्या उपकरणांना तोच न्याय लागू करण्याची मागणी झाली पाहिजे. आणि प्रत्येक केसपेपरवर केवळ 'पक्षाघात' असे न लिहिता रोहिणी कोठे, कशाने, किती तुंबली, हे नोंदविणे बंधनकारक झाले पाहिजे. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी तरतूद होत नाही.

कार्यकर्त्यांच्या हाती यांतले काही आजच आहे. तोंड वाकडे झाले, हात उचलता येईना, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहावे, लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला बोलवावे, हे प्रत्येक वस्तीत, प्रत्येक कारखान्याच्या दाराशी, ऊसतोडीच्या प्रत्येक अड्ड्यावर सांगता येते. काही मिनिटांत ओसरलेले लक्षण हाही झटकाच समजावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हेही सांगता येते. जिल्हा रुग्णालयातील सीटी रात्री चालू असते का, इंजेक्शन साठ्यात आहे का, याची दर महिन्याला चौकशी करून ती माहिती फलकावर लावता येते. अशा साध्या पाहणीतूनच आंदोलनाला दात येतात.

लेनिन यांच्या रोहिणीची अवस्था जगाला कळली ती त्यांचा देह टेबलावर उघडल्यानंतर. तेव्हा विज्ञानच तोकडे होते, म्हणून कोणाला दोष देता येत नाही. आज विज्ञान पुरेसे आहे. तरीही गडचिरोलीच्या घरांतून माणसे उत्तराविना जात असतील, तर तो दोष वाऱ्याचा नाही. 'वारे गेले' असे म्हणून आता कोणालाही सुटका करून घेता येणार नाही. रोहिणी कोठे तुंबली, हा प्रश्न माणूस जिवंत असतानाच विचारला गेला पाहिजे. आणि डॉक्टरांकडून तो विचारला जाण्यासाठी, जनतेने सरकारला तो आधी विचारला पाहिजे.